सरावाची खाट

मित्रांनो, मी लोखंडाची जुनी खाट आहे. माझा रंग उडालाय, एक पाय आखूड आहे, मधल्या पट्ट्या सैल झाल्यात. कोणी कूस बदलली की मी कुरकुरते. हौस म्हणून नाही, आता सोसत नाही म्हणून.

एका वेल्डरच्या शेडमध्ये मी तयार झाले. तो प्रत्येक नव्या खाटेवर एकदा स्वतः आडवा व्हायचा. माझ्यावर पडला आणि म्हणाला, "ही टिकेल." टिकण्यात किती कष्ट असतात ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिथून मी एका इस्पितळाच्या सामान्य वॉर्डात गेले आणि एकवीस वर्षं राबले. माणूस किती आजारी आहे हे डॉक्टरच्याही आधी खाटेला कळतं. तापलेलं अंग गादीला कसं चिकटतं, कळ आली की हात उशाशेजारची दांडी कसा चाचपतो, हे माझ्या लोखंडाला पाठ आहे. मग चाकांच्या खाटा आल्या. आम्हाला मागच्या आवारात एकीवर एक रचून ठेवलं. माझ्या अंगावरून कितीतरी जण बरे होऊन घरी गेले होते, पण जाताना कोणी खाटेकडे वळून बघत नाही.

दोन वर्षांनी एका संस्थेने मला नेलं. तिथे चर्चच्या मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून सेवा करायची इच्छा असलेली माणसं शिकायला येत. पहिल्या वर्षी पुस्तकं, दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकं. प्रात्यक्षिकांच्या खोलीत बाप्तिस्म्याच्या सरावासाठी एक रबरी बाहुली होती, अंत्यविधीच्या सरावासाठी रिकामी शवपेटी होती, आणि आजाऱ्याला भेट देण्याच्या सरावासाठी मी. बाहुली कधी रडली नाही, पेटीत कधी कोणी झोपलं नाही. माझ्यावर मात्र रोज कोणीतरी खोटं खोटं आजारी पडायचं.

सुरुवातीला विद्यार्थीच आळीपाळीने आजारी व्हायचे आणि प्रार्थना चालू असताना फिदीफिदी हसायचे. प्रात्यक्षिकांचे सर वैतागले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या मावशींना बोलावलं. मावशी तिथे साठ माणसांचा स्वयंपाक करायच्या. दुपारची भांडी आवरली की पदराला हात पुसत यायच्या, सर चिठ्ठीवर दुखणं लिहून द्यायचे, आणि मावशी माझ्यावर पडून असं काही कण्हायच्या की नव्या पोरांचे चेहरे उतरायचे. एकदा तापाचं सोंग होतं, तर त्यांनी कपाळाला पाणी लावलं. कधी मुद्दाम म्हणायच्या, "हे सोंग नाही रे बाबा, खरंच मरतेय," आणि विद्यार्थी गडबडला की उठून बसायच्या. भेट संपली की बोलून घ्यायच्या. एकाला म्हणाल्या होत्या, "माझ्याबद्दल देवाशी पाव तास बोललास. माझ्याशी एक मिनिट तरी बोलायचंस."

खोलीचा नियम एकच होता. सर कोपऱ्यात तक्ता घेऊन बसायचे. दार वाजवलं का, नाव विचारलं का, बायबलचं वचन वाचलं का, प्रार्थना आटोपशीर होती का, अशी दहा कलमं. सरांनी टेबलावर पेन्सिल वाजवेपर्यंत कोणीही भूमिका सोडायची नाही. रडू आलं तरी नाही, हसू आलं तरी नाही.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी मावशी आल्या आणि माझ्यावर बसल्या. बसल्या तेव्हाच मला कळलं. हे रोजचं बसणं नव्हतं. चिठ्ठीवर गुडघेदुखी होती. मावशींनी चिठ्ठी वाचलीच नाही. आडव्या झाल्या आणि त्यांच्या हाताने उशाशेजारची दांडी घट्ट धरली. एकवीस वर्षं मी ती पकड ओळखत होते. पण खाटेला तोंड नसतं. मी कुरकुरले. सर म्हणाले, "या खाटेला तेल द्यायला सांगा कोणीतरी."

पहिला आला तो पोपट. सगळ्या वर्गाने त्याला हेच नाव दिलं होतं, कारण त्याला अख्खी स्तोत्रं तोंडपाठ होती.

"कसं वाटतंय, मावशी?"

"छातीत भरून आलंय रे. दम लागतोय."

"घाबरू नका. प्रभू तुमच्याजवळ आहे," पोपट म्हणाला आणि न बघता एक स्तोत्र म्हणून मोकळा झाला. मग प्रार्थना. सगळं वीस मिनिटांत, एकही शब्द न अडखळता. गुडघ्याऐवजी छाती कशी आली याचं सरांना नवल वाटलं, पण ते स्वतःशीच हसले. मावशींनी पेपर अवघड केलाय, असं त्यांना वाटलं. पोपटला दहापैकी नऊ.

दुसरी आली गाणारी. तिचा आवाज खरोखर गोड होता. तिने मावशींच्या कपाळावर हात ठेवला. हाताला घाम लागला, गार. तिला तापाच्या सोंगातलं पाणी आठवलं आणि ती गालात हसली.

"सोंग नाही गं पोरी," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता.

"हो मावशी, मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तिने गीत सुरू केलं. चारही कडवी. सरांचे डोळे पाणावले. तिलाही नऊ.

मित्रांनो, चाळीस मिनिटं गेली. एका बाईचं काळीज बंद पडत होतं आणि तिच्या उशाशी बसून दोघांनी नऊ-नऊ गुण मिळवले. दोघंही वाईट नव्हते. वाईट असते तर मला राग तरी धरता आला असता. चांगली, देवभीरू, मन लावून शिकणारी माणसं होती ती. त्यांना सगळं शिकवलं होतं, फक्त समोरच्या माणसाकडे बघायला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसरा होता कंडक्टर. अठरा वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून, चाळिशी उलटल्यावर सेवेची हाक आली म्हणून इथे आलेला. वचनांचे अध्याय त्याच्या लक्षात राहत नसत. या परीक्षेत तो आधी एकदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा झाला की संस्थेतून बाहेर, हे त्याला लेखी मिळालं होतं. तो आला, दार वाजवायला विसरला, माझ्या काठावर बसला आणि पुस्तक बाजूला ठेवलं. मावशींची नखं बघितली, ओठ बघितले.

"मावशी, डावा हात दुखतोय?"

"हात... आणि जबडा पण."

तो उठला. "सर, गाडी बघा कुठली तरी."

"भूमिकेत राहा," सर तक्त्यातून मान वर न काढता म्हणाले. "भेट संपवायची असेल तर प्रार्थनेने संपवा."

"त्या भूमिकेत नाहीयेत, सर."

"त्या नेहमी असंच करतात. तुम्हाला माहीत नाही का?"

"माझ्या गाडीत तीन माणसं अशी गेलीत. पहिल्याच्या वेळी मलाही वाटलं, झोपलाय. आता मला नापास करा, पण आधी उठा."

सर उठले. मावशींचा चेहरा त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच जवळून पाहिला. पेन्सिल हातातून कधी पडली ते त्यांनाही कळलं नाही. मावशींना चालवायचं नाही म्हणून कंडक्टरने खाटच उचलायला लावली. एका पायाशी तो, दुसऱ्याशी सर, उशाकडे बाहेरून धावत आलेले पोपट आणि गाणारी. दारातून निघताना मला तिरकं करावं लागलं, चौकटीचा टवका उडाला. फाटकाशी भाजीचा टेम्पो उभा होता. रिकामी पोती बाजूला सारून मला आत ढकललं. पोपटला वाटेत एकही स्तोत्र आठवलं नाही. तो नुसता मावशींचे पाय धरून बसला होता.

मावशी वाचल्या. इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "इतका उशीर का केलात?" अर्धा तास आधी आणलं असतं तर काळजाचा बराच भाग वाचला असता, असं त्या म्हणाल्या. आता मावशींना चार पायऱ्याही चढवत नाहीत. साठ माणसांचा स्वयंपाक तर विसराच.

आणि कंडक्टर नापास झाला. हो, नापास. सरांनी त्याच्या बाजूने संस्थेच्या परीक्षा समितीकडे अर्ज लिहिला, दोनदा लिहिला. समितीने तक्ता मागवला. नाव विचारलं नाही, वचन वाचलं नाही, प्रार्थना केली नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "त्यांनी प्राण वाचवला याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण तक्त्यात तसं कलम नाही." त्यांना कलम घालता आलं असतं. कागद त्यांचाच, शाई त्यांचीच. कंडक्टरने पेटी भरली आणि तो निघाला.

संस्थेने सरावासाठी नवी खाट घेतली. मला इस्पितळातून कोणी परत न्यायला आलं नाही. मावशींच्या मुलीने मला त्यांच्या घरी खिडकीपाशी ठेवलं. आज माझ्यावर त्याच झोपतात, आणि आता सोंग नाही. रंग द्या, तेल द्या असं मी तुम्हाला म्हणत नाही, माझे दिवस भरत आलेत. तुम्ही कधी कोणा आजाऱ्याच्या उशाशी बसाल, पाळक म्हणून, मुलगा म्हणून, शेजारी म्हणून. तेव्हा पाठ करून गेलात तरी चालेल, पण आधी त्याच्याकडे बघा. तो बोलेल ते खरं धरा. खोटं निघालं तर फार तर तुमचं हसं होईल.

कंडक्टर पुन्हा बसवर लागलाय. सुट्टीच्या दिवशी येतो, माझ्या काठावर बसतो, मी कुरकुरते. परवा मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी तुझी प्रार्थना राहिली बघ."

"राहिली."

"मग कर की आता. इथे कोण तक्ता घेऊन बसलंय?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"करतो," तो म्हणाला. "आधी सांगा, आज कुठे दुखतंय?"

मावशी सांगू लागल्या. बराच वेळ सांगत होत्या. तो ऐकत होता.