पाय उचलला की

सोपानरावांची गाडी धावताना कधीच बंद पडली नाही. मोशीचा चढसुद्धा ती मुकाट चढायची. बंद पडायची ती उभी राहिल्यावर. कुठे थांबायचं म्हणून रेसवरचा पाय उचलला, की दोन आचके द्यायची आणि गप्प.

हे छप्पन सालचं सांगतोय. चाकणला तेव्हा कारखान्याची एक चिमणी नव्हती. होता तो कांदा. कांद्याचे अडते नानासाहेब, त्यांची ही जुनी विलायती गाडी. ती भाड्यानेही जायची आणि चालवायचे कुरुळीचे सोपानराव. रात्री ती त्यांच्याच दारात उभी असे. माझं गॅरेज चाकणच्या नाक्यावर. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि मी, दौलत मिस्त्री. मूळचा नगरकडचा, आणि तोंडाचा फटकळ म्हणून पंचक्रोशीत बदनाम.

माघात गाडीचं हे दुखणं सुरू झालं आणि गावात जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून पुढे लिंबू-मिरची आली. कुणी प्लग घासून दिले. न्हाव्याने सांगितलं, गाडीला पुण्याचं पाणी बाधलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला तर नुसतं ऐकूनच कळलं होतं. धावताना गाडी मोठ्या भोकातून पेट्रोल पिते आणि उभी असताना बारीक भोकातून. त्या बारक्या भोकाला आम्ही स्लो जेट म्हणतो. सुईचं टोक जेमतेम शिरेल एवढं ते भोक. तिथे कचरा अडकला की उभी गाडी उपाशी मरते.

"कार्बोरेटर खोलावा लागेल," मी म्हटलं. "एक दिवस गाडी ठेवा, सोपानराव."

"नानासाब सोडत्यात व्हय?" ते म्हणाले. "कांदा निघालाय. सुगी सरू द्या. तवर म्या पाय न्हाई उचलत, म्हंजे झालं."

आणि खरंच त्यांनी ती विद्या साधली. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि टाच रेसवर. बाजारात गाडी उभी असली तरी टाच दाबलेलीच. इंजिन उगाच घोंघावत राही, पोरं हसत, नानासाहेब पेट्रोलच्या नावाने बोंब मारत. पण गाडी बंद पडत नव्हती. मी दोनदा भांडलो, मग म्हटलं, मरो. ज्याची गाडी त्याला नाही काळजी, मी कशाला जीव जाळू?

त्याच माघात त्यांची इंदू माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. एकुलती एक पोर. तिची आई, अंबूबाई, मोठी धीराची बाई, पण या बाबतीत पुरती धास्तावलेली. तिची थोरली जाऊ अडली तेव्हा तिला बैलगाडीतून पुण्याला न्यायला निघाले होते. ती वाटेतच गेली. तेव्हापासून अंबूबाईच्या लेखी बैलगाडी म्हणजे तिरडी आणि मोटार म्हणजे देव. "आपल्या दारात मोटार हाय, इंदूचं वाकडं न्हाई व्हायचं," असं ती सगळ्यांना सांगायची. दर रविवारी गाडी धुवायची, हळद-कुंकू वाहायची. मी तिला चिडवायचो, "वहिनी, सोपानरावांचे पाय कधी एवढे धुतले होते का?" ती पदर तोंडाला लावून हसायची.

चैत्रात इंदू अडली. सुईणीने हात टेकले. सोपानरावांनी मायलेकींना मागे बसवलं आणि भर दुपारी गाडी पुण्याला सोडली. मोशी गेली, भोसरी गेली. कासारवाडीचं रेल्वेचं फाटक मात्र बंद होतं.

मालगाडी यायची होती. सोपानराव टाच दाबून बसले. मागे इंदू कण्हत होती. मग ती अशी काही ओरडली की बाप गर्रकन मागे वळला, आणि टाच उचलली गेली.

गाडी बंद पडली. तापलेलं इंजिन आणि तुंबलेला जेट, ते काय चालू होतंय! सोपानरावांनी हँडल मारून मारून तळहात फोडून घेतले. मालगाडी आली, गेली, फाटक उघडलं. मागच्या लोकांनी गाडी ढकलून कडेला घेतली. शेवटी एका भाजीच्या ट्रकवाल्याला दया आली. त्याने पोरीला उचलून मागे कोबीच्या पोत्यांवर निजवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ-बाळंतीण दोन्ही गेली होती.

गाडी बैल लावून माझ्या दारात आणून टाकली. तेरावा झाला तरी सोपानराव तिच्याकडे फिरकले नाहीत. पुढे एकदा आले ते लंगडत. अपघात वगैरे काही झाला नव्हता. त्यांनी स्वतःच उजव्या पायावर दगड घालून घेतला होता.

"मिस्त्री, येवढंच सांगा," ते म्हणाले. "गाडी बिघडली व्हती का माझाच पाय चुकला? नानासाब म्हनत्यात, गाडी येवढे दिस चालली न्हवं? पाय उचलला तू. आन् त्ये खरंच हाय. म्या उचलला."

मला नानासाहेबांचा असा संताप आला की हातातला पाना मी लांब भिरकावला. "उद्या या," मी म्हटलं. "उघडून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्बोरेटर खोलला. त्यातल्या पेट्रोलच्या वाटीच्या तळाशी पिवळट गाळ बसला होता, पिठल्याची खरवड असते तसा. मला वाटलं टाकीचा गंज. तार घालून जेट साफ करायचा नसतो, भोक मोठं होतं. म्हणून टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस आणला, तो भोकातून फिरवला, तोंडाने फुंकला. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचं आभाळ टिपक्याएवढं दिसलं. झालं. एवढंसं काम, आणि त्यापायी पोर गेली.

मग हात धुवायला बसलो. ग्रीस जायला मी नेहमी धुण्याचा सोडा वापरतो. सोडा लागला मात्र, माझी पिवळी बोटं लालभडक झाली.

गंज सोड्याने लाल होत नाही. हळद होते. हळदीला खार लावूनच कुंकू करतात, हे कुणाला माहीत नाही?

मी उठून टाकीचं झाकण उघडलं. तोंडाच्या कडेला आतल्या बाजूने पिवळा थर वाळला होता. बोट फिरवून वास घेतला. पेट्रोलमधूनही तो वास लपला नव्हता. निमगावच्या खंडोबाचा भंडारा. माघी पुनवेच्या जत्रेतून अंबूबाईने आणलेला. बाहेरून हळद-कुंकू वाहून तिचं समाधान झालं नव्हतं. माणसाला कसा चिमूटभर खायला देतात, तसा तिने तो गाडीला चारला होता. दर रविवारी, लेकीसाठी.

 कुणाला शिवी द्यावी ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडात शिवी येईना.

दुपारी दोघंही आली. सोपानराव काठी टेकत पुढे, अंबूबाई मागे. टाकी मी धुऊन, नवं पेट्रोल भरून ठेवली होती. एक हँडल मारलं. गाडी चालू झाली, आणि मी बाजूला झालो. रेसवर कुणाचाच पाय नव्हता. गाडी उभी होती आणि संथ चालत होती.

सोपानराव बघत राहिले. "म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे गाडी बिघडली होती," मी म्हटलं. "जेट तुंबला होता. तुमच्या पायाचा काही दोष नाही, सोपानराव. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, ती कुठेतरी दगा देणारच होती."

त्यांनी बॉनेटवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडले असावेत. मला बरं वाटलं. वाटलं, निभावलं.

"कशानं तुंबला?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"कचरा," मी म्हणालो. "असतोच पेट्रोलमध्ये."

अंबूबाई तोवर मागेच उभी होती. आता ती पुढे आली. तिने कमरेची पिशवी सोडली.

"भावजी, दोष ह्यांचा न्हाई आन् गाडीचाबी न्हाई. माझा हाय," ती म्हणाली. "दर आयतवारी टाकीत द्येवाचा भंडारा घालीत व्हते. त्या दिशी आयतवारच व्हता, घाईत तेवढा ऱ्हायला. द्येव कोपला. आता पुन्यांदा कुनाची लेक ह्या गाडीतनं जाईल, तिला तरी..." तिने चिमूट भरली आणि टाकीकडे निघाली.

मी धावलो आणि तिचा हात धरला. परस्त्रीचा हात, पण धरला. "टाकीत नको, वहिनी!"

"का?"

 मी नुसताच हात धरून उभा. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तिच्या मनगटावरची माझी बोटं लाल होती, नखांच्या कडा अजून पिवळ्या.  मग तिने टाकीच्या झाकणाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्या बोटांकडे. तिची चिमूट सुटली आणि भंडारा तिच्याच पायांवर सांडला.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक..."

"सोड्यानं न्हाई जायाची ती, भावजी," ती अगदी हळू म्हणाली. "लिंबू चोळा."

"काय जायाचं न्हाई?" सोपानरावांनी विचारलं. "अगं, कशाबद्दल बोलतीस?"

तिने पिशवीचं तोंड आवळून बांधलं. मी टाकीचं झाकण घट्ट केलं. आमच्या तिघांच्या मध्ये गाडी उभी होती आणि एकही आचका न देता चालू होती.