आईला वाचता येईल असं अक्षर

मोबाईलच्या काचेवरचं ते टिंब अक्षराचं होतं की कणकेचं, हे नखानं खरवडून पाहिल्याशिवाय कळेना. सुचितानं खरवडलं, टिंब निघून आलं, आणि त्याच्याखाली तेवढंच आणखी एक टिंब होतं, फिकट राखाडी, 'वांगी'च्या डोक्यावरचं. ते अक्षराचं. म्हणजे नवरा, धम्मरत्न, सकाळी बोलला ते खरंच होतं. हे वाचायला माणसाला आधी टिंब आणि कणीक वेगळी करावी लागत होती.

ब्लॉग सुरू केला तेव्हा तिनंच हे अक्षर निवडलं होतं. बारीक, सडपातळ, पांढऱ्यावर राखाडी. पुण्या-मुंबईच्या बायका बाल्कनीतल्या तुळशीवर लिहितात त्या ब्लॉगांवर असतं तसं. त्यांच्याकडे उन्हाला पडदे असतील, वाचायला निवांतपणा असेल, वाशीमजवळच्या मालेगावातल्या पत्र्याच्या घरात दुपारच्या उजेडात मोबाईलवर ते पुसल्यासारखं दिसतं... पण तेव्हा तिला तेच आवडलं होतं. हळू आवाजात बोलल्यासारखं. कुणी मुद्दाम कान दिला तरच ऐकू येईल असं.

कान. या एका शब्दाशी ती दिवसातून कितीदा येऊन थांबते.

"आई म्हणते, सून काय लिवते ते वाचाचं हाय," धम्मरत्न बूट घालता घालता म्हणाला होता, वाशीमला ऑफिसला निघण्याच्या घाईत. "गोमतीमावशी येऊन राह्यली दुपारी, तिलेबी ऐकवाचं हाय म्हणे. ते अक्षर जरा मोठं करजो. मुंग्या चालल्यावानी दिसते."

"तुमी वाचलं काय?"

"पाह्यलं ना. दोडक्याचा फोटो भारी हाय. मी तर ऑफिसच्या ग्रुपवर टाकला."

पाह्यलं. गाडी सुरू झाली, गल्लीच्या वळणावर आवाज गेला, आणि सुचितानं सवयीनं मागं पाहिलं. तनू अंगणात पाठमोरी बसून बाटलीच्या झाकणात माती भरत होती. बाप गेला. तिनं मान वर केली नाही.

दोडक्याचा तो लेख तिनं एका दुपारी एकटाकी लिहिला होता. ब्लॉगचं नाव 'मागच्या दारी' — वांगी, मेथी, वालाच्या शेंगा, पत्र्याच्या डब्यातला कढीपत्ता, असलंच सगळं. पण त्या दुपारी वेलाबद्दल लिहिता लिहिता हात थांबलाच नाही. 'वेलाला आधार दिला की तो आपोआप चढतो, असं सगळे म्हणतात. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. ती अजून आई म्हणत नाही. मागून हाक मारली तर वळत नाही. तिला ऐकू येत नसावं असं मला वाटतं. घरात हे म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.' आणि त्याच्याखाली, जणू काही झालंच नाही असं, 'पाणी संध्याकाळी, बुंध्याशी घालावं.'

लिहून झाल्यावर ती दर थोड्या वेळानं मोबाईल उघडून पाहत राहिली. मग अभिप्राय आले. 'खूप छान माहिती ताई.' 'फोटो सुंदर.' आणि परभणीच्या कुणा बाईंचा — 'दोडक्याला कोणतं खत देता?' सुचितानं उत्तर दिलं होतं: शेणखत. दुसरं काय देणार.

तेव्हापासून तिची खात्री पटली होती, की लिहिलेलं कुणी वाचत नाही. माणसं अक्षरांवरून नजर नेतात, जशी तनूवरून नेतात — गोरी आहे, हसरी आहे, त्रास देत नाही — आणि पुढं जातात. त्रास देत नाही! झाकण पडलं, कुकरची शिट्टी झाली, पोळा फुटला, बँड गेला, पोरगी आपली शांत. कधीमधी वळायचीही, तेच तर वाईट. एकदा वळली की आठवडाभर सुचिता स्वतःला मूर्ख म्हणायची, आणि मग पुन्हा तिच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवायची, भिंतीवर सावली पडणार नाही अशा बेतानं.

"बोलते वं, बोलते," सासू म्हणायची. लिलाबाई रोज सकाळी, जीभ सुटावी म्हणून, सहाणेवर आक्कलकाढा उगाळून मधात कालवून पोरीच्या जिभेला लावायची. "धम्माबी शाळेत जाईलोक मुकाच होता. आपल्या घरची जीभच जड." आणि अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा धम्मरत्न म्हणाला होता, "तू ते मोबाईलवर पाहू पाहू येडी होशील एक दिवस." चिडून नाही, हसूनच. चिडला असता तर भांडता आलं असतं.

आता दुपारपर्यंत अक्षर मोठं करायचं होतं.

आधी तिनं 'कलम' नावाचं अक्षर लावून पाहिलं, हातानं लिहिल्यासारखं, जरा तिरकं. तो परिच्छेद त्यात लाडात आल्यासारखा दिसला, लिहिणारी बाई हसत हसत सांगते आहे असा. मग 'बालू'. गुबगुबीत, गोल. 'तिला ऐकू येत नसावं' हे वाक्य त्यात बारशाच्या पत्रिकेवरचं वाटलं, बाजूला फुगे काढायचे तेवढे राहिले होते. तिसरं 'मुक्ता'. साधं, सरळ, वेलांट्या नीट, जोडाक्षरं उलगडलेली. रंग काळा केला, आकार वाढवला, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकत होते म्हणून मधलं अंतर सैल केलं... आणि मग ती बघतच राहिली. या अक्षरात काही भाव नव्हता. ना लाड, ना रड. वाक्य नुसतं उभं होतं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. पंचायतीच्या फळ्यावर लिहावं तसं. इतकं स्वच्छ, की हे आपण लिहिलं याचीच तिला शरम वाटली.

परिच्छेद काढून टाकणं सोपं होतं. तिनं बोट दाबून धरलं, ओळी निळ्या झाल्या. एक खूण दाबायची, की वेल आणि पाणी एकमेकांना जाऊन मिळाले असते, मध्ये कुणी नव्हतंच. गोमतीबाईपुढे हसू झालं नसतं, सासूचा चेहरा पाहावा लागला नसता.

पण सासूला मनातल्या मनात वाचता येत नाही.

लिलाबाई चाळिशीत वाचायला शिकली, धम्मरत्नच्याच अंकलिपीवरून, दिवसभर लोकांच्या वावरात निंदण करून आल्यावर. त्याचा तिला अजून ताठा आहे, आणि असावाच. पेपर हातात आला की ओट्यावर बसते, बोट ठेवते, आणि मोठ्यानं — बा-जा-र, बाजार, भा-व, भाव — गल्लीला ऐकू जाईल असं वाचते. लग्न होऊन आल्या आल्या सुचितानं एकदा म्हटलं होतं, आई, मनात वाचलं तर लवकर होते. "मनात कसं वाचते वं? आवाज नाई केला तं वाचलं कायचं?"

म्हणजे ती ते वाक्य म्हणेल. आज, ओट्यावर, शेजारणीच्या देखत. माझं वाक्य त्यांच्या तोंडून. मी म्हटलं तर मी येडी, मोबाईल पाहणारी, शंकेखोर. पण त्यांच्या तोंडून एकदा ते घरात पडलं, की मग ते घराचं होईल. धम्मरत्न आईचं वाक्य हसण्यावारी नेऊ शकणार नाही. अकोल्याला जावंच लागेल. असा हिशेब करणारी बाई मी कधी झाले?... तिनं निळ्या ओळींवरचं बोट उचललं. ओळी पुन्हा काळ्या झाल्या.

दुपारी गोमतीबाई तुरीच्या शेंगांचं टोपलं सोलायला घेऊनच आली, रिकामे हात तिला चालत नाहीत. लिलाबाईनं चष्मा पदराला पुसला, मोबाईल दोन्ही हातांत आरशासारखा धरला.

"आता कसं साफ दिसते! पह्यलेच असं काहून नाई केलं वं पोरी? डोये फुटले असते माहे."

"वाच न वं लवकर," गोमतीबाई म्हणाली. "मोबाईलमंधी दोडका अन् ताटात रोज बेसन, असं लिवलं काय तिनं?"

"चूप बस. ऐक. दो-ड-का. दोडका. दोडक्याचं बी रात-भर, रातभर भिजवावं..."

सुचिता दाराच्या चौकटीशी उभी होती. तनू ओट्याच्या खाली, पाठ फिरवून, शेंगांची टरफलं एकात एक खोचत होती. सासूच्या आवाजात तिचं स्वतःचं मराठी परक्यासारखं येत होतं, तुकडा, मग शब्द, तुकडा, मग शब्द. गोमतीबाई मधेच "खरं हाय" म्हणायची. मांडव आला. सुतळी आली. सुचिताला पुढच्या ओळी पाठ होत्या.

"आ-पो-आप च-ढ-तो. चढतो. असं स-गळे म्हण-तात. सगळे म्हणतात. मा-झी—"

आवाज थांबला.

बोट थांबलं नाही. लिलाबाईचं बोट काचेवरून अक्षराखालून अक्षराखालून सरकत होतं, नेहमीसारखंच सावकाश, ओठ हलत होते, तुकडा, मग शब्द. फक्त आवाज नव्हता. ओळ संपली, बोट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आलं. एकही अक्षर तिनं सोडलं नाही. सुचिता त्या बोटावरून सांगू शकत होती, आता 'आई' आलं, आता 'हाक'.

"काय झालं वं? गेलं काय चार्जिंग?" गोमतीबाईनं विचारलं.

"थांब."

बोट शेवटापर्यंत गेलं. लिलाबाईनं एकदा समोर पाहिलं — तनूकडे नाही, सुचिताकडे तर नाहीच, पलीकडच्या भिंतीकडे — आणि घसा खाकरला.

"पा-णी. पाणी संध्या-काळी, बुंध्या-शी घालावं."

"हे तं मलेबी मालूम हाय," गोमतीबाई म्हणाली. "पण लिवते चांगलं. हुशार भेटली वं तुले सून."

"हाय ना," लिलाबाई म्हणाली.

गोमतीबाई टोपलं घेऊन गेल्यावर तिनं मोबाईल परत दिला. देताना जरा वेळ हातात धरून ठेवला. सुचिता तयार होती. टोमण्याला, शिव्यांना, रडण्याला, 'गावभर पोरीची बदनामी करतेस' याला. त्या सगळ्याची उत्तरं तिनं सकाळपासून भांडी घासता घासता जुळवून ठेवली होती.

"अक्षर बारीकच बरं होतं," लिलाबाई म्हणाली. आणि खाली उतरून, पोरीच्या समोर जाऊन, तिला दिसेल अशी वाकून, दोन्ही हात पुढे केले. तनूनं पाहिलं, हसली, हात वर केले.

समोर जाऊन. सुचिता दारातच राहिली. त्या नेहमीच समोर जातात. हाक मारत नाहीत, वळसा घालून समोर जातात, वाकतात, मग हात पुढे करतात. कधीपासून? मागच्या उन्हाळ्यात? त्याच्याही आधी? पोरीच्या पाठीमागे उभं राहून मी एवढा पहारा करीत होते, आणि समोरून कोण येतं, कसं येतं, हे माझ्या नजरेत आलं नाही... म्हणजे आक्कलकाढा उगाळणाऱ्या हातालाही माहीत होतं. 'बोलते वं, बोलते' म्हणणाऱ्या तोंडालाही.

हलकं वाटायला हवं होतं. इतके दिवस एकटीच्या छातीवर असलेली गोष्ट आता दोघींची होती. पण ओझं दोघींत वाटलं गेलं नव्हतं. दुसऱ्या बाईनंही ते तेवढंच, पुरतं, उचललं होतं आणि पाठ फिरवली होती. न वाचणाऱ्यांवर राग धरता येतो. नीट बोट ठेवून, एकेक अक्षर लावून, सगळं वाचून जो गप्प बसतो त्याच्यावर कसला राग धरायचा, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, माहेरी नाही, इथं नाही.

मोबाईल वाजला. धम्मरत्न. "वाचलं काय आईनं? दिसलं बरोबर?"

"दिसलं."

"मंग? काय म्हणे?"

आतून लिलाबाईचा आवाज येत होता, पोरीला भात भरवतानाचा, चिऊचा घास, काऊचा घास, मोठ्यानं, खणखणीत, घरभर. कुणासाठी बोलतात या? सुचितानं फोन कानाशी तसाच धरला होता, पलीकडे धम्मरत्न हॅलो हॅलो करत होता, आणि तिला त्याला काय सांगायचं हे शोधावंसंच वाटेना. सासूची भीती कुठं गेली होती कोण जाणे, तिची जागा रिकामी लागत होती, दात पडल्यावर जीभ जाते तशी ती पुन्हा पुन्हा तिथं जाऊन पाहत होती. आता कुणी वाचावं, कुणी म्हणावं, कुणी घरात पहिल्यांदा तोंड उघडावं, याची ती वाट पाहत नव्हती. वाट पाहणं संपल्यावर माणूस काय करतो, एवढं मात्र तिला अजून ठाऊक नव्हतं.