पालथा पाळणा

भर दुपारी सगळं घर निजलं होतं. अशात पितळेचा गडू घरंगळला आणि खणखणत माझ्या अंगावरून खाली गेला.

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. वऱ्हाडातल्या अनसिंग गावी एका घरामागे मी सहा वर्षं धुण्याचा दगड म्हणून राबलो. भागिरथी माझ्यावर तान्ह्याची दुपटी धुवायची. तिच्या बांगड्यांच्या आवाजात मला डुलकी लागायची. पण खालची माती धुपली, मी एका अंगाला कललो, म्हणून तो गडू पडला. तान्हं उठायच्या आत मला सरळ बसवावं म्हणून भागिरथीने पहार घालून मला उलटवलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

माझ्या पोटावर पाळणा कोरलेला आहे. चार दोऱ्या, चार घुंगरं. खाली नावापुरती गुळगुळीत जागा. कोरी.

"माय वो! आत्याबाई, हा तं मेलेल्या लेकरावरचा, मसनातला दगड हाये!"

सासू सोजरबाई धावत आली. "बहात्तरच्या दुष्काळात तुह्या सासऱ्यानं आनला रस्त्याच्या कामावरून. खडी फोडाले मसनाजवळच्या नाल्याकडून गाड्या भरून दगडं आल्ते. सपाट दिसला, चिखलानं माखलेला. कोनं पाह्यलं उलटून?" मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "फोडून टाक व. घरात तान्हं लेकरू हाये."

"हे बी कोनाचं तरी लेकरूच असंन ना. आठ रोज द्या मले, कोनाचं ते शोधतो."

सोजरबाईने पहार भिंतीला टेकवली. "आठच."

भागिरथीने थोरल्या लेकीच्या, शेवंताच्या, वहीचं पान माझ्यावर ठेवून कोळसा घासला. पानावर पाळणा उमटला. ते कमरेला खोचून ती पाणी भरताना, दळण आणताना जुन्या माणसांना दाखवायची. लोक हसायचे. इकडे तान्ह्यांना पुरतात, वर साधे दगड आणि बोरीचे काटे रचतात, जनावरांनी उकरू नये म्हणून. कोरीव दगड कोण ठेवतं?

"काहून व, मेलेल्याचा पाळना हालवून राह्यली?" गिरणीवर एकीने टोमणा मारला. भागिरथीने नुसती पानाची पुन्हा घडी घातली.

सातव्या दिवशी त्या पानाची गोष्ट ऐकून म्हातारा पाथरवट जगदेव घरी आला. डोळ्यांनी अधू, म्हणून कागद बाजूला सारून त्याने मलाच चाचपलं. घुंगरावर त्याचं बोट थबकलं. "हा माह्या हातचा."

मलाही ते बोट ओळखीचं वाटलं. खाण, छिन्नीची टकटक, उन्हात उडणारी दगडाची पांढरी धूळ, सगळं झोपेतून वर यावं तसं वर आलं. तेव्हा समोर गावातला मारोतराव उभा होता. जगदेवने विचारलं होतं, "नाव काय कोरू?" मारोतराव त्या गुळगुळीत जागेवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "जागा सोडून दे."

जगदेवने भागिरथीलाही तेच नाव सांगितलं. मारोतराव आता नाही. पण त्याची रंगूबाई तेलघाणीमागे राहते. भागिरथी तिला हाताला धरून घेऊन आली.

रंगूबाई माझ्यापाशी बसली. माझ्या चारही दोऱ्यांवरून तिने बोट फिरवलं. "अकराव्या दिशी गेलं माहं लेकरू, बारशाच्या आंधी. बाळंतिनीले मसनात कोन नेते? हे घरी आले नि म्हनले, पाळना कोरून ठेवला. मले वाटलं, समजूत घालून राह्यले. मरेपर्यंत लबाड म्हनलं मी त्याईले, सोजरे." ती हसत होती, आणि डोळे गळत होते. "बुढा खरं सांगत होता व."

सोजरबाई उठली. ती पहार घेऊन आत ठेवून आली. येताना तोच गडू भरून आणला, माझ्यावर हळू हळू पाणी ओतलं आणि दोऱ्यांमधली माती स्वतःच्या पदराने पुसली.

मित्रांनो, साबणाचं पाणी सोसताना मला कधी राग आला नाही. दुपटीच होती ती. पाळण्याला दुपट्याचं काय वावडं? पण वाटेतला दगड घरी न्यायचा असेल, तर आधी एकदा उलटून पाहा. एवढंच मागतो.

एवढ्यात शेवंता पाटीवरची लेखणी घेऊन आली. नुकतीच अक्षरं लिहायला शिकली होती. माझ्यासमोर उकिडवी बसून तिने त्या गुळगुळीत कोऱ्या जागेवर लेखणी टेकवली आणि रंगूबाईकडे मान वळवली.

"आजी, मी लिहून देतो. बाळाचं नाव काय होतं?"