माझ्या खोक्यावरचा बाण

मी तळ्याच्या तळातल्या चिखलाची एक जुनी कांडी आहे. जुनी म्हणजे किती? तुमच्या पणजोबांचे पणजोबा माझ्यापुढे काल जन्मलेले! मित्रांनो, चिखल म्हणून नाक मुरडू नका.

मी थराथराने वाढले. आधी पाऊसपाणी भरपूर होते, तेव्हा माझा काळा, मऊ थर बसला. मग हवामान फिरले. शेकडो वर्षे पाऊस रुसला, तळे आटत आटत डबक्याएवढे झाले आणि माझ्या अंगावर पांढरा, खारट थर चढला. त्या पांढऱ्या थराच्या वर राखेच्या बारीक रेघा आहेत. ती माणसांच्या चुलींची राख. सगळीकडचे पाणी संपल्यावर ती माणसे उरलेल्या पाण्याकाठी आली, दाटीवाटीने राहिली आणि तगली. पळाली नाहीत. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी मी हजारो वर्षे गप्प पडून होते.

मला शोधले मॅडमनी. त्या फार जुन्या हवामानाच्या खुणा अभ्यासतात. होडीतून तळात लांब नळी खुपसून त्यांनी मला वर काढले, तेव्हा त्या कोपरापर्यंत माखल्या होत्या आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. प्रयोगशाळेत मला उभी चिरून दोन भाग केले. तिथली रीतच आहे ती. एक भाग कामाचा, त्याचे तुकडे करून तपासतात. दुसरा जपणुकीचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. शंका आली तर त्यालाच विचारायचे. मी जपणुकीची. मॅडमनी माझ्या खोक्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढला आणि म्हणाल्या, "तू आमची साक्षीदार बरं का!" मी हुरळून गेले.

कामाचा भाग म्हणजे माझी बहीण; तिच्या खोक्यावर मात्र घाईगडबडीत बाण उलटा निघाला. झाले! तिचे डोके खाली, पाय वर. तिच्या तुकड्यांवरून मॅडमनी लिहिले, की आधी चुली होत्या, मग दुष्काळ पडला आणि माणसे पळून गेली. वाहवा झाली. शाळेच्या पुस्तकातही ते छापून आले.

चार वर्षांनी त्यांची विद्यार्थिनी, कानावर पेन अडकवून फिरणारी, माझे खोके बहिणीच्या खोक्याशेजारी उघडून थबकली.

"मॅडम, दोन्ही बाण जुळत नाहीयेत हो. आपलं उलटं तर नाही ना झालं?"

"मी बघते. तू जेवून ये."

मला वाटले, आता न्याय होणार. मॅडम आल्या त्या कापसावर स्पिरिट घेऊन. माझा बाण त्यांनी पुसला आणि त्याच हाताने उलटा काढला. मित्रांनो, चूक मी केव्हाच माफ केली होती. पण हे? ज्यांनी मला साक्षीदार म्हटले, त्यांनीच माझे तोंड दाबले!

मुलगी परत आली.

"बघ, जुळतायत की," मॅडम म्हणाल्या. "उपाशीपोटी काम केलं की असंच होतं."

"सॉरी मॅडम. मीच नीट पाहिलं नाही."

हल्ली ती प्रत्येक गोष्ट मॅडमना विचारून लिहिते. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरलेला नाही.

थंड खोलीत, बंद खोक्यात ठेवले म्हणजे मला जपले असे होत नाही. चुकलात तर चुकले म्हणा, तेच माझे जपणे. आणि मित्रांनो, ती मुलगी तुम्हाला कुठे भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. तिने नीटच पाहिले होते.