गर्द हिरवा कोट

मॅडमनी कोट पुतळ्यावर चढवला, तिन्ही बटणं लावली आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या. “या कोटात एक चूक आहे. ती शोधायची. हात लावलात तरी चालेल.”

झालर उभी होती तिथेच उभी राहिली. तिच्या आधी दोघं आत जाऊन आले होते. पहिला मुलगा बाहेर येताना हसत होता, दुसरी मुलगी आल्या आल्या पाण्याचे दोन ग्लास घटाघट प्यायली होती. त्यावरून काहीच अंदाज बांधता येत नव्हता. या फॅशन हाउसमध्ये नोकरीची जागा एकच होती, वर्षातून एकदाच निघायची, आणि गेल्या वर्षी याच खोलीतून झालर हात हलवत परत गेली होती. ‘चित्रं छान काढता, पण कपडा बघता येत नाही तुम्हाला,’ असं याच मॅडमनी तिला तोंडावर सांगितलं होतं. ते वाक्य ती वर्षभर विसरली नव्हती.

झालर हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहा वर्षांची असताना तिने मावशीच्या दुकानातला पडदा खालून वीतभर कापला आणि शाळेच्या स्कर्टला झालर लावली, तीही डिंकाने. वर्गात पोचेपर्यंत निम्मी झालर रस्त्यात सांडली. पाठीत धपाटा बसला, पडदा आखूड झाला आणि पोरीला नाव मिळालं. पुढे आई-वडिलांची बदली झाली तेव्हा शाळा नको मोडायला म्हणून ती मावशीकडे राहिली, ती राहिलीच. मावशीचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी आणि दारावर पाटी: ‘कपडे दुरुस्त करून मिळतील’. ढगळ कपडे आत घ्यायचे, घट्ट झालेले सैल करायचे, चेन बदलायच्या. झालरला मात्र दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करायचे नव्हते. तिला स्वतःचे कपडे घडवायचे होते, जगाने वळून बघावेत असे. गणिताच्या वह्यांची मागची पानं तिने बाह्या आणि गळे काढून भरली होती, आणि गणितात जे व्हायचं तेच झालं होतं.

“वेळ चाललाय,” मॅडम म्हणाल्या.

झालर पुढे झाली. कोट मखमलीचा होता, गर्द हिरवा. कॉलर ठीक होती. खांदे जागच्या जागी होते. बटणांची काजं एका ओळीत होती, बाह्या सारख्या होत्या. तिने मागे जाऊन पाठ बघितली. पाठीत खोट काढायला जागाच नव्हती. तळहातांना घाम आला तसा तिने तो ओढणीला पुसला. मखमलीवर डाग पडला असता तर शोधायला दुसरी चूक तयार झाली असती.

“हा कोट आमच्याच इथे शिवलाय,” मॅडम म्हणाल्या. “गिऱ्हाईक बाईंनी तो बाहेर कुठेतरी सैल करून घेतला. आता म्हणतात, काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळत नाही. तक्रार अर्थातच आमच्याकडे.”

सैल केलाय. म्हणजे कुशीत, काखेखालच्या शिवणीत बघायला हवं. तिने हात उचलल्यासारख्या बाह्या वर केल्या. दोन्ही कुशींत दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या घातलेल्या होत्या, कापड तेच, शिवण सरळ. ट्यूबलाइटखाली सगळं एकजीव दिसत होतं. पुतळ्याला खाली चाकं होती. न विचारताच तिने तो गर्रकन खिडकीपाशी नेला.

आणि डावी पट्टी काळपट झाली.

तिने बोट फिरवून बघितलं. उजव्या पट्टीवर वरून खाली बोट मऊसूत घसरत होतं, डाव्या पट्टीवर अडत होतं. मखमलीची लव एका बाजूला वाहते. एक तुकडा चुकून उलटा लागला तर कापड एकच असूनही उजेडात त्याचे दोन रंग दिसतात. चूक कशी झाली तेही तिला कळलं. कोटाला कमरेचा पट्टा असणार. तो उसवून, मधोमध कापून त्याच्या दोन पट्ट्या केल्या आणि लावताना एक फिरली. सापडली! तरी खात्री करावी म्हणून तिने कोटाची कड उलटवली, आत अस्तर कुठे बंद केलंय ते बघायला.

अस्तराच्या टोकाला एक बारीक फुली होती.

ती फुली तिने हजार वेळा पाहिली होती. मावशी अस्तर बंद करताना शेवटचा टाका आडवा फिरवून फुली मारायची. “परत आलं तर कळायला हवं ना, हे आपलंच पाप आहे म्हणून,” असं म्हणून हसायची. परत मात्र आजवर काही आलं नव्हतं.

झालरने कड सोडली. दोन महिन्यांपूर्वीची दुपार तिला आठवली. ती मागच्या बाजूला याच नोकरीसाठी चित्रं रंगवत बसली होती. मावशीने पुढून हाक मारली होती, “अगं, जरा येऊन बघ ना, हे दोन्हीकडे सारखं दिसतंय का?” ती जागची हलली नव्हती. “मावशी, तुझ्या कामात मी काय बघणार?” असं वर न बघता म्हणाली होती. तिला वाटलं होतं, आपण मावशीचं कौतुकच केलं.

“सापडलं?”

“डाव्या पट्टीची लव उलटी आहे,” झालर म्हणाली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांनी खिडकीपाशी येऊन बघितलं आणि मान डोलावली.

“तिघांत तुम्हाला एकटीला दिसलं. बाकीचे दोघं कॉलरवरच अडकले.” त्यांनी तिचा अर्ज उचलला. “तुम्हीही हेच काम करता ना? कपडे दुरुस्तीचं?”

“हो.”

“मग सांगा. हे ज्याने केलं तो माणूस उद्या तुमच्या हाताखाली असला तर त्याला ठेवाल?”

झालरने पट्टीकडे बघितलं. एकही टाका वाकडा नव्हता. असे टाके तिला स्वतःलाही अजून जमत नव्हते.

“हात फार चांगला आहे,” ती म्हणाली.

“मी हाताचं विचारलं नाही.”

“लव लक्षात आली नसेल. उजेड कमी असेल.”

“किंवा नजर कमी असेल. आमच्याकडे एक पट्टी चुकली की एक गिऱ्हाईक तुटतं. ठेवाल की नाही, एवढंच सांगा.”

बाहेर कुणीतरी दार ओढलं. टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं. मावशीचं काम आहे, असं सांगायला तीन शब्द पुरले असते. ते तोंडात आले होते. पण त्यांच्या मागोमाग मॅडमच्या चेहऱ्यावर काय येईल ते तिला दिसलं, आणि गेल्या वर्षी इथला जिना उतरतानाचे स्वतःचे पाय दिसले.

“नाही,” झालर म्हणाली.

“सोमवारी नऊला या. ही पट्टी उसवून सरळ लावायची आहे. पहिलं काम तेच करा.”

घरी जाताना तिने बस सोडून दिली आणि चालत राहिली. वर्षभर तिने या दिवसाचा आनंद मनात शंभर वेळा करून बघितला होता. आता तो खरोखर आला होता आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मावशी मशीनवर होती. सुईखालची पँट अर्धी शिवून झाली होती.

“आलीस? बस. आधी पाणी पी. काय विचारलं?”

“एक कोट दिला. म्हणाल्या, चूक शोधा.”

“सापडली?”

“सापडली. एका पट्टीची लव उलटी होती.”

“अगं बाई!” मावशी खळखळून हसली. “शिकाऊ पोरसुद्धा लवेवरून हात फिरवल्याशिवाय कात्री लावत नाही. कुठल्या अडाण्याने केला होता उद्योग?”

झालर पाणी पीत राहिली. ग्लास रिकामा झाला तरी तिने तो तोंडाचा काढला नाही.

मावशीचं हसणं हळूहळू थांबलं. या दुकानात मखमल काही रोज येत नव्हती.

“हिरवा होता?”

झालरने मान डोलावली.

मावशीचा पाय मशीनवरून खाली आला. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. बराच वेळ ती तो नीट बसवत राहिली.

“आणखी काय विचारलं?”

“काही नाही.”

“आणखी काय विचारलं, झालर?”

“अशा माणसाला कामावर ठेवाल का म्हणाल्या.” तिचा आवाज चिरकला. “मी म्हटलं, ठेवीन. हात चांगला आहे म्हटलं.”

“आणि नोकरी?”

“लागली. सोमवारपासून.”

मावशीने तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत झालरने तिच्याशी खोटं बोलायचे पुष्कळ प्रयत्न केले होते. एकही धड जमला नव्हता.

“म्हणजे नाही म्हणालीस.”

झालरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “मावशी, मी...”

“रडतेस काय? मीसुद्धा ठेवली नसती,” मावशी म्हणाली. तिने पँट उलटी केली आणि डोळे मिटून शिवण बोटांनी चाचपत पुढे पुढे नेली.