शकुनाचं पान आणि पाचशे डॉलर

मित्रांनो, मी एक जुनं बिलबुक आहे. राहणार गास, तालुका वसई, कृष्णाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या दारामागचा खिळा.

माझा जन्म तुळिंजच्या एका छोट्या छापखान्यातला. पन्नास पांढरी पानं, प्रत्येकाखाली एक गुलाबी, मध्ये सरकवायला कार्बन. वर लाल अक्षरांत 'कृष्णाबाईंची सुकेळी'. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची, की झाली सुकेळी. वसईकरांना हे सांगायला नको, बाकीच्यांनी एकदा खाऊन बघावं. पांढरं पान गिऱ्हाइकाला जायचं, गुलाबी माझ्यापाशी राहायचं. बिल मागणारं गिऱ्हाईक वर्षाला सात-आठच, म्हणून सहा वर्षं हे काम मी बिनबोभाट केलं. दिवाळीला मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहायचे. तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोलू!

कृष्णाबाईंचा एक दंडक होता. बिलबुकाचं शेवटचं पान कधी फाडायचं नाही. ते शकुनाचं. पुस्तक रिकामं झालं की धंदा रिकामा होतो, असं त्यांच्या सासूबाई सांगत.

माझी एकोणपन्नास पानं संपली त्याच सुमाराला घरात सून आली, मनाली. पोरगी हुशार. तिनं फोनवर बिलं करायचं ॲप घेतलं, परदेशी आणि फुकट. "आई, आता नवीन पुस्तक नका छापू. बोट लावलं की बिल तयार!" बिल खरंच देखणं निघायचं. माझी रवानगी खिळ्यावर झाली. आधी धूळ बसली, मग त्याच खिळ्याला कुणीतरी चहाची गाळणी अडकवली. गाळणी! गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते काही उगाच नाही.

गेल्या नाताळाच्या आधी वसई पूर्वेच्या एका कारखान्याची ऑर्डर आली. कामगारांना वाटायला साठ किलो सुकेळी. एवढी केळी घरची कुठली? भुईगावच्या हेलननं आपल्या वाडीतले घड कापून दिले आणि म्हणाली, "कृष्णाबाई, पैसे माल गेल्यावर दे. पण नाताळाला माझा हात रिकामा नको ठेवू गो." कृष्णाबाईंनी शब्द दिला.

माल निघायच्या सकाळी मनालीनं साठ हजारांचं बिल करायला घेतलं आणि ॲप अडून बसलं. फुकटच्या योजनेत एक बिल पाचशे डॉलरच्या वर जात नाही म्हणे. आमचे रुपये त्यानं त्या दिवसाच्या भावानं परस्पर डॉलरमध्ये मोजले होते.

"डॉलर? पन आपन डॉलरात कधी विकलं गं?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"तेच तर, आई! वैताग आहे नुसता."

मोठी योजना घ्यावी, तर पैसे डॉलरमध्ये भरायचे, आणि तिच्या बँकेचं कार्ड ॲप घेईना. मदत मागितली, तर तीन दिवसांत उत्तर देऊ, असं उत्तर लगेच आलं. शेवटी तिनं शक्कल लढवली. तीस-तीस किलोची दोन बिलं केली, नाक्यावरून छापून आणली आणि टेम्पो रवाना केला.

साडेअकराला कारखान्यातल्या स्टोअरकीपरचा फोन आला. "मॅडम, ऑर्डर एक आणि बिलं दोन? असं चालत नाही. एकच बिल द्या. हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल, पण तुमच्या छापील नावाचं हवं आणि सही पाहिजे. एक वाजता गेट बंद. उद्या वाटप आहे, नाहीतर मी मिठाई मागवतो."

मनालीनं फोन खाली ठेवला. "आई, माझ्यामुळे झालं."

कृष्णाबाई उठल्या. गाळणी बाजूला केली, मला खाली काढलं, पदरानं पुसलं. पन्नासावं पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला.

"ह्ये फाडलं तर धंदा बसेल," त्या पुटपुटल्या. "आनि नाही फाडलं तर हेलनला तोंड कसं दाखवू?"

पेन दाबून दाबून त्यांनी लिहिलं, सही केली. टर्रकन आवाज झाला. पान पर्समध्ये घालून मनाली स्कूटरवरून सुसाट गेली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. पन्नास पानांत पहिल्यांदाच मी पार रिकामं होतं.

एकला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. माल आत गेला होता. चार दिवसांनी पैसे आले आणि नाताळाच्या आदल्या संध्याकाळी हेलन आपले पैसे घेऊन हसत गेली.

यंदा दिवाळीआधी मनालीनंच तुळिंजहून नवं बिलबुक छापून आणलं. लहानसहान बिलं अजून फोनवरच होतात, ते असो. पूजेला तिनं नवं पुस्तक पाटावर मांडलं.

"आनि हे?" कृष्णाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"आई, ते रिकामं आहे. एक पण पान नाही उरलं."

"अगं, म्हनून तर! शकुनाचं पान कशाला ठेवतात ते मला या वयात कळलं. अडल्या वेळेला फाडायला." आणि पहिलं कुंकू त्यांनी मला लावलं.

मित्रांनो, माझ्यात आता गुलाबी पानंच आहेत. शेवटच्या गुलाबी पानावर अक्षर उमटलेलं नाही, कारण कार्बन केव्हाच सुकला होता. बोट फिरवलंत तर नुसते खळगे लागतील. नवी वस्तू खुशाल घ्या, मी कोण अडवणार? पण जुनी टाकण्याआधी तिच्यात एखादं कोरं पान राहिलंय का, तेवढं बघा. आणि दारामागचा खिळा उपटू नका.