तो तिला अव्वा म्हणाला

बसवेश गेल्याला वर्ष होत आलं, तरी दाक्षायणी रडली नव्हती.

तो एकुलता एक. नुकतीच पंचविशी ओलांडलेली. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करायचा. श्रावणातल्या एका सकाळी कामावरच छातीला हात लावून खाली बसला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला. त्याला बाळीवेशीतल्या घरी आणलं तेव्हा दाक्षायणी चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं सुई दिली. तिला पुरती शुद्ध आली, तोवर त्याला पुरायला रुद्रभूमीवर गेलेली माणसं परत फिरली होती.

त्यानंतर तिनं सगळं नीट केलं. आल्यागेल्याला चहा दिला, नवऱ्याचा डबा केला. तिप्पण्णा भुसार दुकानात जाऊन बसायचा, संध्याकाळी घरी येऊन मुकाट जेवायचा. लोक म्हणायचे, दाक्षायणी लई खंबीर. मग एक दिवस गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं नाव विचारलं आणि तिला स्वतःचं नाव आठवेना. ती दारात नुसती उभी राहिली. नणंद जगदेवी तेव्हा घरात होती. तिनंच पुढच्या आठवड्यात तिला सात रस्त्याजवळच्या ऋतुजाकडे नेलं.

ऋतुजा मूळची सांगोल्याची, पुण्यात मानसशास्त्र शिकून आलेली. ती मनाच्या तळाशी काय असतं ते स्वप्नांतून शोधायची. दाक्षायणी पहिल्यांदा फक्त पंख्याकडे बघत बसली. नंतर हळूहळू बोलू लागली. स्वयंपाकाचं, दुकानाचं, उन्हाचं. बसवेशचं नाही.

एका दुपारी ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मला एक स्वप्न पडतंय, मॅडम. पहाटे. सारखं तेच."

"सांगा, काकू."

"एक विहीर हाय. पायऱ्यांची. मी खाली उतरत जाते. पाण्याच्या खाली पण पायऱ्या, आणि मला श्वास घेता येतोय. तळाला एक म्हातारी बसलीय. काळी, लई मोठी. तिच्या मांडीवर, अंगाखांद्यावर पोरंच पोरं. त्यात माझा बसू हाय. एवढासा. मी हाक मारते, तो बघत न्हाय. ती म्हातारी त्याचा डावा हात हातात घेते आणि त्याची बोटं एक एक करून मिटवते. मग तो तिला अव्वा म्हणतो, मला आईला म्हणायचा तसं."

ऋतुजा खुर्चीत पुढे सरकली. तिनं अशी स्वप्नं पुस्तकांत वाचली होती, समोर बसून कुणाकडून ऐकली नव्हती. त्या भरात ती बोलत गेली. आपल्या प्रत्येकाच्या मनाखाली एक थर असतो, तो आपण घडवलेला नसतो, अंगातल्या हाडांसारखा जन्मासोबतच येतो. त्याला सामूहिक नेणीव म्हणतात. तिथं सगळ्या माणसांची मिळून काही रूपं असतात. ही म्हातारी त्यातलीच. जन्म देणारी आणि परत पोटात घेणारी आई. "जगात कुठंकुठं लोकांना ती दिसलीय, काकू. कुणाला गुहेत, कुणाला समुद्राखाली."

दाक्षायणीनं मान वर केली.

"म्हणजे हे स्वप्न पण माझं न्हाय?"

"तुमचंच आहे. पण फक्त तुमचं नाही."

"पोरगं माझं गेलं," दाक्षायणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अव्वा म्हणणारा तो एकच होता मला. तो दुसरीला अव्वा म्हणतोय, आणि तुम्ही म्हणता ती सगळ्यांचीच. मला सगळ्यांचं काय करायचंय?"

ती उठली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात आली नाही. ऋतुजानं फोन केला, तो जगदेवीनं घेतला आणि वहिनीला बरं नाही म्हणून सांगितलं.

आता स्वप्न रोज पडू लागलं. दाक्षायणी पहाटे उठून जोत्यावर बसून राहायची. एकदा तिप्पण्णा दोन कप चहा घेऊन बाहेर आला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं केलेला हा पहिलाच चहा. साखर फार पडली होती.

"काय दिसतं तुला?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. विहीर, म्हातारी, पोरं. बोटं मिटवण्यापर्यंत आली तेव्हा तिप्पण्णानं कप खाली ठेवला.

"कुठला हात?"

"डावा."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "जगदेवीनं काय सांगितलंय तुला?"

"कशाचं?"

"तितलं. रुद्रभूमीवरचं."

"कुणीच काय सांगितलं न्हाय. मी विचारलं पण न्हाय."

"त्याला आपल्या रीतीनं खड्ड्यात बसवला," तिप्पण्णा म्हणाला. "गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटेना, दाक्षा. अंग ताठलं होतं. लिंग घसरून खाली पडायचं. स्वामी म्हणाले, राहू दे, तसंच टेकवून ठेवू. मला ते बघवेना. मी आत उतरलो. त्याची बोटं चोळत बसलो, लहानपणी थंडीत चोळायचो तशी. एक एक करून मिटवली. मग लोकांनी मला वर ओढला."

एवढं बोलून तो तोंडावर उपरणं धरून रडू लागला. दाक्षायणीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग तिलाही रडू फुटलं. उन्हं अंगणात आली तरी ती दोघं तिथंच बसून होती. जगदेवी आली, त्यांना बघून आत गेली आणि स्वयंपाकाला लागली.

महिन्याभरानं दाक्षायणी पुन्हा ऋतुजाकडे गेली. तिनं घडलेलं सांगितलं.

"मी त्या दिवशी फार बोलले, काकू," ऋतुजा म्हणाली. "ऐकायचं सोडून अर्थ सांगत बसले."

"राहू दे. खोटं न्हाय बोलला तुम्ही." दाक्षायणीनं पदर सारखा केला. "एक विचारू? पोरगं असताना मी बसूची अव्वा होते. आता मी कोण हाय?"

ऋतुजाकडे याला शब्द होता. माणूस स्वतःला 'मी' म्हणतो त्याच्याहून मोठं, त्याच्या पूर्ण जगण्याचं एक केंद्र असतं, त्याला ती 'स्व' म्हणायची. पण तो शब्द तिनं काढला नाही.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आपण दोघी शोधू."

दाक्षायणीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "त्या सकाळपासून स्वप्न बंद झालंय. लोक म्हणतील चांगलं झालं. पण मॅडम, पाठमोरा का होईना, तितं तो दिसायचा की."

ऋतुजानं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

हल्ली तिप्पण्णा दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी येतो. कधी दोघं गप्प जेवतात, कधी बसवेशचा विषय निघतो. परवा तो सांगत होता, की बसवेश कामावरून परतताना रोज दुकानात डोकवायचा, पोत्यांवर आडवा पडून हमालांच्या नकला करायचा, आणि अव्वाला सांगू नका म्हणायचा. दाक्षायणीला हे माहीत नव्हतं. घरात तो कधी कुणाची नक्कल करताना तिनं पाहिला नव्हता. ती हसली. "अजून सांगा," म्हणाली. तिप्पण्णानं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात ताटातच थांबला. हा नकला करणारा बसवेश तिला पहिल्यांदा भेटत होता, आणि त्याच वेळी जातही होता.